ओसाकातला माझ्या मापाचा कोट

मी जपानला खरेदीला गेले होते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा अपेक्षाभंग व्हायला नको. परत येऊन तीन आठवडे झाले, आणि एडमंटनच्या आमच्या बौद्ध मंडळातलं जे कुणी भेटतं ते एकच विचारतं, "मग, किती विहारं पाहिलीत?" एक पाहिलं, आणि तिथेही नेमका बाजार भरला होता. मंडळाच्या वार्षिक अंकासाठी 'जपानमधील बौद्ध स्थळे' या विषयावर सचित्र लेख द्यावा, असा निरोप मला विमानतळावरून घरी येताना गाडीतच मिळाला. निरोप देणारे संपादक म्हणजे माझे पती यशवंतराव, आणि गाडीही तेच चालवत होते. तो लेख मी देणार नाही. हा देणार आहे. छापायचा असेल तर छापा.

मी ललिता. वय अठ्ठावन्न, उंची चार फूट दहा इंच. मूळची नागपूरकडची, आता सव्वीस वर्षं एडमंटनला आहे, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. उंची मुद्दाम सांगितली, कारण सगळं प्रकरण तिथूनच सुरू होतं. कॅनडातल्या बायकांच्या कोटाची बाही माझ्या बोटांच्या खाली चार इंच लोंबते. म्हणून सव्वीस वर्षं मी माझे कोट शाळकरी मुलींच्या विभागातून आणते. ते उबदार असतात, स्वस्तही पडतात, पण चेनला प्लास्टिकचं बदाम लटकत असतं आणि अस्तरावर शिंगवाले घोडे उड्या मारत असतात. एका कोटाच्या आतल्या पट्टीवर नाव आणि इयत्ता लिहायची सोय होती. नाव लिहिलं, इयत्तेपुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

मृणाल माझ्याच लॅबमधली, शेजारच्या टेबलावर बसते. पुण्याची. नवरा कॅलगरीला नोकरीला, मुलगा मॉन्ट्रियलला शिकायला. आमची मैत्री चौदा वर्षांची. एकाच लोकल ट्रेननं, म्हणजे एलआरटीनं जायचं, एकमेकींच्या डब्यातलं खायचं, गाड्यांचे विंटर टायर्ससुद्धा एकाच दिवशी बदलून घ्यायचे. नोव्हेंबरात एक दिवस तिनं स्क्रीनवरून मान न वळवता विचारलं, "जानेवारीत लीव्ह अप्लाय करूया का? ओसाका. फ्लाइट डील मस्त आहे."

"तिकडे काय आहे?"

"शॉपिंग. फुल ऑन शॉपिंग. आणि ललिता, तिथल्या बायका तुझ्याएवढ्या असतात."

त्याच दुपारी मी रजेचा अर्ज टाकला.

घरी मात्र यशवंतरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणजे जायला ना नव्हती, पण कारण पटत नव्हतं. "जपानला चाललीच आहेस तर सार्थक कर," ते म्हणाले. "विहारं बघ, नोट्स काढ, भिक्खूंशी बोल. मंडळात तुझा स्लाइड शो ठेवू."

"मी कोट आणायला चालले."

"कोट इथे मिळत नाही का?"

"माझ्या मापाचा नाही मिळत."

"अगं पण लोक काय म्हणतील? बुद्धाच्या देशात जाऊन ही बाई दुकानं हिंडत बसली."

ते वाक्य मला झोंबलं. वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी. कॉलेजात गेले तेव्हा वस्ती बघत होती, नोकरीला लागले तेव्हा बघत होती, इकडे आले तेव्हाही. पाय घसरून चालणार नव्हतं, कारण तो एकटीचा घसरणार नव्हता. आमच्या पिढीनं जे केलं ते समाजासाठी केलं, ते करायलाच हवं होतं, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण अठ्ठावन्न वर्षांत एखादी गोष्ट नुसती हौस म्हणून करायची राहूनच गेली. मी ठरवलं होतं, की एका चांगल्या दुकानात जायचं, माझ्या मापाचा, माझ्या आवडीचा कोट निवडायचा, स्वतः विकत घ्यायचा आणि मान वर करून बाहेर पडायचं. यात सार्थक नसेल तर नसो. यशवंतरावांना मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचं फावडं कुठे ठेवलंय ते दाखवलं आणि निघाले.

ओसाका, पहिले दोन दिवस

एडमंटन सोडलं तेव्हा उणे एकतीस होतं. ओसाकात सात. आणि त्या सात अंशांत अख्खं शहर गळ्याभोवती मफलर गुंडाळून, खांदे उडवून चाललेलं. आम्ही दोघी जॅकेटच्या चेन उघड्या टाकून फिरत होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवून खुणेनं चेन लावायला सांगितली. मृणाल म्हणाली, "त्यांना काय सांगणार, की हा आपला एप्रिल आहे म्हणून."

पहिल्या दिवशी आम्ही उमेदा भागातल्या भुयारी बाजारात हरवलो. एडमंटनच्या डाउनटाउनलाही इमारतींना जोडणाऱ्या वाटा आहेत, थंडीत मी त्याच वापरते, पण तिथे पंधरा मिनिटांत माणूस दुसऱ्या टोकाला पोचतो. इथे जमिनीखाली एक वेगळंच गाव वसलंय. दीड तास चालून आम्ही तीनदा त्याच बेकरीपाशी आलो. बेकरीवाली मुलगी तिन्ही वेळा तेवढ्याच आदबीनं वाकली. तिसऱ्या वेळी लाज वाटून आम्ही तिच्याकडून लाल बीन्सचं गोड सारण भरलेले पाव घेतले. पुरणपोळीचं पुरण पावात कोंबल्यासारखा प्रकार आहे, पण वाईट लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत आमच्या दोघींच्या वाटा वेगळ्या. मी सगळं खाते. दोतोंबोरीला कालव्याच्या काठी ऑक्टोपसचे तुकडे घातलेले गोळे मिळतात, आपल्या आप्प्यांसारख्या खळग्यांच्या तव्यावर करतात. पहिला गोळा मी अख्खा तोंडात टाकला आणि जीभ अशी पोळली की दोन दिवस कशाचीच चव कळेना. तरी भातावरची ईल मासळी खाल्ली, माशांची अंडीही खाल्ली. मृणाल शाकाहारी. इथे साध्या सूपमध्ये, शेवयांमध्ये, अगदी पालकाच्या भाजीतही माशाचं पाणी असतं. ती प्रत्येक ठिकाणी फोनवरचा मजकूर दाखवायची, वाढपी गंभीर चेहऱ्यानं आत जाऊन विचारून यायचा आणि हात जोडून माफी मागायचा. शेवटी तिनं भाजलेली रताळी, आलुबुखारासारख्या आंबट फळाचं लोणचं घातलेले भाताचे गोळे आणि पर्समधलं मेतकूट यांवर दिवस काढले. जपानात मेतकूट-भात खाणारी ती पहिली बाई असेल असं मी म्हटलं, तर म्हणाली, "हस तू. तुझी जीभ भाजलीय, देव बघतो."

किल्ला पाहिला. बाहेरून मोठा थाटाचा, आत शिरल्यावर लिफ्ट. आमच्या गुडघ्यांनी त्या लिफ्टवाल्याचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी मृणाल एका जुन्या बौद्ध मंदिरात घेऊन गेली. तिनं ते खास माझ्यासाठी यादीत घातलं होतं. मी तिला म्हटलं, "मी तुला टोरांटोच्या गणपतीला नेते का कधी?" पण गेलो तर तिथे आवारात जुना बाजार भरलेला. किमोनोंचे ढीग, कुलपं, बशा, कुणाच्या तरी आजोबांची घड्याळं. मूर्तीपुढे नतमस्तक झाले, शांत वाटलं, आणि बाहेर येऊन दोन रेशमी रुमाल घेतले. यशवंतरावांना फोटो पाठवला, त्यात मूर्ती आहे आणि कोपऱ्यात माझ्या हातातली पिशवीही आहे.

या दोन दिवसांत रोख पैसे माणसाच्या हातात द्यायची वेळ आमच्यावर जवळपास आलीच नाही. मेट्रोला कार्ड, दुकानात कार्ड, जेवणाच्या ठिकाणी दारातल्या यंत्रात नोट सरकवून तिकीट घ्यायचं. कॅनडासारखंच. हे सांगायचं कारण पुढे येतं.

शिनसाइबाशीच्या मागच्या गल्लीत

शिनसाइबाशी म्हणजे छप्पर घातलेला मैलभर बाजार. तिथल्या मोठ्या दुकानांत मी सकाळभर कोट घालून पाहिले. मापाचे सगळेच होते, बाही मनगटावर बरोबर थांबत होती, पण सगळे काळे, राखी किंवा वाळूच्या रंगाचे. इतकी वर्षं शिंगवाले घोडे पांघरले, आता एकदम राखेचा रंग कशाला घालू? दुपारी मागच्या गल्लीत वळलो, तर एका अरुंद दुकानाच्या काचेत तो दिसला. डाळिंबाच्या दाण्याचा लाल. लोकरीचा, गुडघ्यापर्यंत, मोठी चार बटणं.

दुकानात एकच बाई, सत्तरीच्या, गळ्यात टेप. समोर येऊन उभ्या राहिल्या आणि आमची नजर सरळ भिडली. कॅनडात मला लोकांच्या शर्टाच्या बटणांशी बोलायची सवय आहे, त्यामुळे मला हसूच आलं. त्याही हसल्या. त्यांनी कोट दोन्ही हातांवर धरून आणला, मागून घातला, खांदे सारखे केले, बटणं लावली. आरशात एक प्रौढ बाई उभी होती. उणे तीसला या कोटाचा काही उपयोग नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. हा उणे पाचचा कोट. असू दे, उणे पाचचे दिवसही आयुष्यात येतात.

कार्ड चालत नाही, अशी पाटी होती. मी पर्समधून नोटा काढल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी हात पुढे केला नाही. काउंटरवर एक छोटं, निळ्या मखमलीचं तबक होतं, ते दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं, दिसलं नसेल. पुन्हा नोटा पुढे केल्या. त्या वाकल्या, हसल्या आणि तबक आणखी पुढे सरकवलं.

मागून मृणाल कौतुकानं म्हणाली, "बघ ना, किती सोवळ्याची माणसं. हाताला हात लागायला नको."

माझे कान तापले. उमरेडकडच्या आमच्या गावात एक वाण्याचं दुकान होतं. आई मला घेऊन मीठ-तेल आणायला जायची. ती पायरीच्या खाली उभी राहायची आणि पैसे उंबऱ्यावर ठेवायची. तो त्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा, मग उचलायचा. मीठ वरून तिच्या पदरात टाकायचा, अर्धं खाली सांडायचं. मी सहा वर्षांची होते, खाली बसून दाणे वेचायची. आईनं हात पुढे केल्याचं मी एकदाही पाहिलं नाही.

मी नोटा पर्समध्ये कोंबल्या, कोट काढून काउंटरवर ठेवला आणि बाहेर पडले. त्या बाईंचा चेहरा मी पाहिलाही नाही.

मृणालनं मला बाजारात गाठलं. "अगं काय झालं? इतका परफेक्ट बसला होता."

"हातातून पैसे घेतले नाहीत तिनं."

"इथे ट्रेमध्ये ठेवायचे असतात. सगळीकडेच. दॅट्स हाऊ दे डू इट."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी? काय म्हणाले मी?"

"सोवळ्याची माणसं."

"ते असंच गं. कौतुकानं म्हटलं. क्लीन लोक आहेत, एवढंच मला म्हणायचं होतं."

मग मी तिला ते दुकान सांगितलं, उंबरा सांगितला, मीठ सांगितलं. भर बाजारात, आजूबाजूनं पिशव्या घेतलेली माणसं जात असताना. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. तिचे डोळे भरून आले. आणि नेमकं तेव्हा ती म्हणाली, "किती वाईट. पण आता कुठे राहिलंय तसं? आणि मी नाही का तुझ्या डब्यातलं खात?"

"काहून, सर्टिफिकेट पाहिजे का तुला त्याचं?"

"चौदा वर्षांत तू यातलं कधी बोलली नाहीस, ललिता."

"चौदा वर्षांत तू कधी विचारलं नाहीस."

ते खरंच होतं. मी कोण, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं आडनाव तिला सगळं सांगून गेलं होतं. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. आणि आम्ही दोघी त्या विषयाला वळसा घालून रोज एलआरटीत शेजारी बसत होतो. त्या संध्याकाळी आम्ही वेगवेगळ्या ठिकाणी जेवलो. मी सगळा राग एका वाडगाभर शेवयांवर काढला.

चूक कुणाची

सकाळी मी एकटीच त्या बाजारात गेले आणि एका बेकरीत गल्ल्याच्या समोरचं टेबल धरून बसले. तिथेही तबक होतं, पिवळ्या प्लास्टिकचं. सूट घातलेला एक साहेब आला, त्यानं पैसे तबकात ठेवले. शाळेच्या गणवेशातल्या मुली आल्या, त्यांनी तबकात ठेवले. काठी टेकत आलेल्या आजींनीही तबकातच ठेवले आणि गल्ल्यावरच्या मुलीनं पाव मात्र सगळ्यांना दोन्ही हातांनी दिला. पाऊण तास मी बघत होते. एकाचंही तबक वेगळं नव्हतं.

तेव्हा चूक माझी होती, हे इथे स्वच्छ लिहिते. त्या दुकानदारीणबाईंनी मला जे सगळ्यांना देतात तेच दिलं होतं, आणि मी त्यांच्या तोंडावर कोट टाकून आले. त्याचं मला वाईट वाटलं. पण रागाबद्दल मी माफी मागणार नाही. तबक बघून ज्याला काही आठवलं नाही, त्यानं आपलं नशीब समजावं. मला आठवलं, कारण ते विसरता येऊ नये अशी व्यवस्था आमच्या गावानं करून ठेवली होती, आणि ती ओसाकापर्यंत सोबत आली. चूक माझी, पण तिचं कारण मी नाही.

दुपारी हॉटेलवर आले. आमची खोली एवढी लहान, की एकीनं बॅग उघडली की दुसरीनं पलंगावर चढायचं. मृणाल पलंगावरच बसली होती, मांडीवर मोठी कागदी पिशवी.

"हे घे," ती म्हणाली. "आय ॲम सॉरी, ओके? माझ्याकडून."

पिशवीत कोट होता. सकाळी उठून ती एकटी गेली आणि घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. आता मीही विरघळावं, गळ्यात पडावं, असा तो क्षण होता हे मला कळत होतं.

"परत कर," मी म्हटलं.

"ललिता, प्लीज. किती ताणणार आहेस?"

"ताणत नाहीये. ऐक. शाळेत असताना कपडे दिलेले मिळाले, पुस्तकं दिलेली मिळाली. देणारे चांगले होते, मी त्यांचे उपकार विसरलेली नाही. पण हा कोट मला दिलेला नको आहे. हा मला विकत घ्यायचाय. त्यासाठी मी एवढ्या लांब आले."

"मग मला पैसे देऊन टाक. सेम थिंग."

"नाही. त्या दुकानात, त्या बाईंकडून. मी मागणार, त्या देणार."

मृणालनं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठून बूट घालायला लागली. "तू ना, इम्पॉसिबल बाई आहेस," ती म्हणाली. पण पिशवी तिनंच उचलली.

दुकानात आम्हाला पाहून त्या बाई घाबरल्या असाव्यात. मृणालनं कोट काउंटरवर ठेवला. मी आधी वाकून माफी मागितली, तिथली पद्धत जितकी दिसली होती तितकी वाकून. मग फोनवर इंग्रजीत लिहिलं, की काल माझा गैरसमज झाला, तुमची काही चूक नव्हती. आता कृपया हा कोट माझ्या मैत्रिणीकडून परत घ्या आणि मला विका. फोननं त्याचं जपानी केलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मृणालकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, मृणालनं मान हलवली. माझ्याकडे बोट दाखवलं, मी मान हलवली.

मग त्यांनी मृणालचे पैसे तबकात ठेवून तिच्यापुढे सरकवले. कोट उचलला, झटकला, हँगरला लावला आणि काचेत जिथे होता तिथे नेऊन टांगला. काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे वळल्या आणि कुणी नवीन गिऱ्हाईक दारातून यावं तशा आवाजात म्हणाल्या, "इराश्शाइमासे." या, असं म्हणतात तिथे प्रत्येक दुकानात.

मी काचेतल्या कोटाकडे बोट दाखवलं. त्यांनी तो दोन्ही हातांवर आणला, मागून घातला, खांदे सारखे केले, बटणं लावली. एकही पायरी गाळली नाही. मी आरशात पाहिलं, हो म्हटलं. त्यांनी तबक सरकवलं आणि मी नोटा नीट जुळवून त्यात ठेवल्या. कोटाची पिशवी त्यांनी काउंटरवरून दिली नाही. ती घेऊन त्या बाहेर आल्या, माझ्यासोबत दारापर्यंत चालल्या आणि उंबऱ्यापाशी दोन्ही हातांनी माझ्या हातांत दिली. आमची बोटं एकमेकींना लागली. मी गल्लीत रडले. चांगली मोठ्यानं रडले, आणि मृणाल बाजूला उभी राहून ये-जा करणाऱ्यांना "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत राहिली.

पाच कप

त्यानंतर आम्ही चिनीमातीच्या भांड्यांच्या एका दुकानात शिरलो. मृणालला पुण्याला आईसाठी चहाचे कप घ्यायचे होते, तिचा भाऊ पुढच्या महिन्यात एडमंटनला येणार होता त्याच्याबरोबर पाठवायला. खरं तर दोघींनाही कशात तरी डोकं घालायचं होतं. तिला निळ्या रेघांचे कप आवडले. खोक्यात पाच होते. जपानात कपांचा संच सहाचा नसतो, पाचाचा असतो.

"मला चारच हवेत," मृणाल म्हणाली. दुकानातली मुलगी हात जोडून नाही म्हणाली, संच फोडता येत नाही.

"पाचवा उगीच वाया," मृणाल मला म्हणाली. "घरी चारच माणसं आहेत. आई, दादा, वहिनी, आणि दादाचा नीरज आता मोठा झाला, तोही चहा घेतो."

"सकाळचा चहा चारच जणांचा होतो?"

"हो. म्हणजे मंदाताई येतात दहाला, धुणंभांडी करायला. त्यांचाही होतो."

निळ्या रेघांचा एक कप हातात घेऊन फिरवत राहिले. विचारायचं माझ्या मनात होतं, पण मी विचारणार नव्हते. चौदा वर्षं वळसा घालून मी दमले होते, आता तिची पाळी होती.

मग ती म्हणाली, "त्यांचा कप वेगळा आहे."

"हं."

"स्टीलचा. मागच्या खिडकीत उपडा असतो. त्या स्वतःच धुतात, स्वतःच ठेवतात." ती माझ्याकडे बघत नव्हती. "लहानपणापासून बघतेय मी तो. आधी त्यांच्या सासूबाईंचा होता. काल मी तुला म्हटलं, आता कुठे राहिलंय."

"पुण्यात आत्ता किती वाजले?"

तिनं घड्याळ पाहिलं. "साडेदहा."

"फोन कर."

"आत्ता? इथून?"

"मग कुठून करणार आहेस?"

मला वाटलं होतं ती टाळेल. दुकानातली मुलगी खोकं धरून उभी होती. मृणालनं तिला मानेनंच हो म्हटलं, पाचही द्या, आणि फोन लावला. तिच्या आईंचा आवाज मोठा आहे, फोनच्या बाहेर सगळं ऐकू येत होतं. थंडी किती आहे, खायला मिळतं का, मेतकूट पुरलं का. मृणालनं सगळ्याला हो हो केलं. मग म्हणाली, "आई, मंदाताईंना आजपासून आपल्या कपात चहा दे."

पलीकडून, "हे काय मधेच? कुणी काय सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच सांगतेय. तो खिडकीतला कप काढून टाक."

"अगं, त्यांनाच आवडतं तसं. त्यांची त्यांना सवय आहे."

"तू विचारलंस कधी?"

"जपानातून फोन करून मला शिकवू नकोस, मृणाल. घर माझं आहे," असं म्हणून आईंनी फोन ठेवला.

मृणाल फोनकडे बघत उभी राहिली. काउंटरवर ती मुलगी एकेक कप पातळ कागदात गुंडाळत होती, तिसरा झाला होता. मी मृणालला धीर दिला नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. हे तिचं घर होतं आणि तिची आई.

तिनं डोळे पुसले आणि पुन्हा नंबर लावला.

"आई, ठेवू नकोस," ती म्हणाली. "मंदाताई आल्यात ना? त्यांना फोन दे. मला त्यांच्याशी बोलायचंय."